आधी गाव, मग पाणी

सोजराबाई पाईकराव माणसाला पाणी विचारण्याआधी गाव विचारते. समोर तहसीलदार येऊन उभा राहो की फाटक्या सदऱ्यातला वाटसरू, तिचा पहिला सवाल ठरलेला असतो. "कोण्या गावचे?" गाव कळलं की आळी, आळी कळली की मामाचं गाव, आणि मामाचं गाव कळलं की तिथली एखादी नणंद, दाई, नाहीतर शिंपी तिच्या ओळखीचा निघतोच. बोलता बोलता ती कुणाच्याही घराच्या उंबऱ्याला जाऊन टेकते. याला ती नातं काढणं म्हणते. तिची सगळी हयात या नातं काढण्यावर उभी आहे, आणि मागच्या हिवाळ्यात त्यानंच तिला तोंडघशी पाडलं.

सेनगाव तालुक्यातलं साखरा हे तिचं सासर. नवरा नरसिंग सालगडी होता, मुका नव्हता पण मुक्यासारखा. घरातलं बोलणं सगळं सोजराबाईच्या वाट्याला आलं आणि ते घरात मावेना म्हणून गावात सांडलं. शाळा तिनं बाहेरूनच पाहिली. वाचायला शिकली ती भिंतीवरच्या 'जय भीम'च्या निळ्या अक्षरांवरून आणि रेशन दुकानाच्या पाटीवरून. पाटीवर 'माल शिल्लक नाही' हे चार महिने तसंच आहे, हे तिच्या ध्यानात आलं त्या दिवशी तिनं गावातल्या बाया गोळा केल्या, दुकानदाराच्या ओट्यावर तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. "माल येईस्तोवर आमी इथंच सैपाक करतो. सरपण तुमचं." माल दुपारपर्यंत सापडला. आतल्या खोलीतच होता बिचारा.

बाळंतपणासाठी बाईला सेनगावला न्यायचं तर जीपवाले सीटा भरल्याशिवाय हलत नसत. एकदा एका पोटुशीच्या कळा चालू असताना ड्रायव्हर बिडी ओढत बसला, तर ही जाऊन चाकापुढं मांडी घालून बसली. म्हणाली, "आता एक तर तिला घेऊन जा, न्हाई तर माझ्यावरून जा. मधला रस्ता न्हाई." पुढं त्या जीपवाल्यांनीच तिला माय म्हणायला सुरुवात केली. माणूस आधी भांडल्याशिवाय माय होत नाही, निदान आमच्या भागात तरी.

पण तिचं खरं नाव झालं ते औंढ्याच्या यात्रेत. महाशिवरात्रीला बायांचा गट घेऊन ती देवळाबाहेर हरवलेल्यांच्या मांडवात बसायची. आत ती कधी गेली नाही. "बाबासाहेबाच्या लेकीचं आत काय काम," म्हणायची, "पण हरवलेलं लेकरू कोण्या देवाचं नसतंय." एकदा एक पोरगं रडून रडून एवढंच सांगायचं की आमची आजी बहिरी हाय आणि घरी बोकड हाय. नुसत्या भोंग्यावर ओरडून काय होणार होतं? सोजराबाईनं त्याला मांडीवर घेतलं, बोकडाचं नाव विचारलं, आजी कुणावर ओरडते ते विचारलं, विहिरीला पायऱ्या आहेत का ते विचारलं, त्यावरून गाव काढलं, आणि अंधार पडायच्या आत पोरगं आईच्या कडेवर होतं. तेव्हापासून तिची पक्की खात्री होती की हरवलेल्या प्रत्येक माणसाची कुठंतरी कुणीतरी वाट बघत असतं. फक्त गाव कळायला हवं.

नरसिंग गेला आणि ती हिंगोलीला पोराकडं आली. भीमराज औषधाच्या दुकानात कामाला, सून ऐश्वर्या शिवणकाम करते, दोन लेकरं, दोन खोल्या. नगरपालिकेचा बेघर निवारा बचत गटाच्या बायांकडं चालवायला आला तेव्हा काळजीवाहक म्हणून सोजराबाईचंच नाव पुढं आलं. त्यात नवल कसलं? आयुष्यभर फुकट केलं तेच काम आता ओळखपत्र गळ्यात घालून करायचं होतं. बायांची एक खोली, पुरुषांची एक, मधे स्वयंपाकघर, पुढं अंगणात लिंबाचं झाड. सोजराबाई रात्रपाळी मागून घ्यायची. ड्युटी आहे म्हणायची आणि बायांच्या खोलीत दाराजवळच्या खाटेवर झोपायची.

निवाऱ्याची व्यवस्थापक ज्योती. नांदेडला समाजकार्य शिकून आलेली, वयानं सोजराबाईच्या नातीत जमा. पहिल्याच आठवड्यात तिनं सांगितलं, "माय, आलेल्याला आल्या आल्या गाव विचारायचं नाही. जेवू द्यायचं, झोपू द्यायचं. त्यांना वाटेल तेव्हा सांगतील."

"अन् न्हाई वाटलं तर?"

"तर नाही सांगणार."

"वा गं वा. भटकं ढोर आलं तरी मालक कोण म्हणून इचारतेत. माणसाला इचारायचं न्हाई?"

"माणसाला मालक नसतो, माय."

या पोरीला उत्तर द्यायचं नाही असं सोजराबाईनं ठरवलं आणि आपलं विचारणं चालू ठेवलं, फक्त ज्योतीच्या पाठीमागं.

मिराबाई आली ती पावसाळा सरता सरता. बसस्टँडवर दम्यानं बेजार होऊन बसलेली होती, रिक्षावाल्यानं आणून सोडली. पन्नाशीच्या पुढची, हाडापेरानं उंच, बोलण्यावरून बंजारा तांड्यावरची. सोजराबाईनं विचारलं, "कोण्या तांड्यावरची, बाई?" तिनं सांगितलं, "पाणी दे आधी." पाणी पिऊन झालं, औषध झालं, जेवण झालं, आठवडा झाला. गाव काही तोंडातून निघेना.

मात्र बाकी सगळं निघायचं. मिराबाईला रिकामं बसवत नव्हतं. तिनं दुसऱ्या दिवशी तुरी निवडायला घेतल्या, तिसऱ्या दिवशी परात ओढून घेतली. सोजराबाईनं थापलेली भाकर उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, "ही तू केली का गाडीखाली आली?"

"खायाची तर खा. न्हाई तर उपाशी ऱ्हा."

"खाते की. दात हायेत अजून. म्हूनच इचारलं."

दोघींचं भांडण सकाळी चुलीपाशी सुरू व्हायचं ते झोपेपर्यंत. निवाऱ्यातली माणसं, जी एरवी भिंतीकडं तोंड करून पडलेली असत, ती यांचं ऐकायला स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसायची. ज्योती म्हणायची, टीव्ही घ्यायची गरज राहिली नाही. सोजराबाईला आयुष्यात बरोबरीनं बोलणारं माणूस फार उशिरा भेटलं होतं. नरसिंग ऐकून घ्यायचा, सून मान हलवायची, गावातल्या बाया व्हय व्हय म्हणायच्या. मिराबाई उलटून बोलायची.

आणि तरी गाव ठाऊक नव्हतं. पायात काटा मोडून राहावा तसं ते सोजराबाईला टोचायचं. रात्री शेजारच्या खाटेवर मिराबाई खोकायला लागली की हिला वाटायचं, हिचे भाऊ असतील, भाचे असतील, कुणी दिवा लावून बसलं असेल. एके दिवशी तुरी पाखडताना मिराबाई सहज बोलून गेली, "आमच्या तांड्यावरच्या पोरी तीजेच्या सणाचे गव्हांकुर तळ्यात सोडतेत. दुसऱ्यांच्यावानी ओढ्यात न्हाई. तळं दाराशीच हाय."

सोजराबाईचे कान टवकारले. सूप खाली ठेवून ती सरळ जीपस्टँडवर गेली. सेनगाव लाइनीवर जीप चालवणारा वसराम तांड्यावरचाच.

"वसराम, तळ्याला खेटून तांडा कोणता रे?"

"एकच तर हाय. काहून?"

"तिथली कोणी मिराबाई नावाची बाई घर सोडून गेलेली हाय का?"

वसरामनं तोंडातला गुटखा थुंकला. "पुनमचंदची बहीण. माय, चार सालं झाली. तुला कुठं घावली?"

सोजराबाईला हरवलेल्यांच्या मांडवातला तो जुना आनंद झाला. तिनं एवढंच सांगितलं, "पुनमचंदला म्हणावं, बहीण घेऊन जा."

ज्योती प्रशिक्षणाला नांदेडला गेली होती तोच दिवस. दुपारी वसरामची जीप अंगणात येऊन थांबली. पुनमचंद उतरला, तांड्याचा नायक उतरला, दोन म्हातारे उतरले. हातात नवी साडी, नारळ. पुनमचंद बहिणीला बघून लेकरासारखा रडला, आणि ते रडणं काही खोटं नव्हतं. नायकानं सगळ्यांसमोर सांगितलं की तांड्याची लेक तांड्यावर परत चालली, आमच्या मानेवरचं ओझं उतरलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वार्डातल्या एका पुढाऱ्याला फोटोचा वास लागला, तोही येऊन उभा राहिला. सोजराबाईच्या गळ्यात कुणी हार घातला.

मिराबाई परातीपाशी होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले. सोजराबाईजवळ येऊन हळूच विचारलं, "तू बोलावलंस?"

"मंग काय? तुझ्या तोंडून निघंना म्हून मीच काढलं." सोजराबाई फुलून गेली होती.

मिराबाईनं मान डोलावली, गाठोडं उचललं आणि जीपमध्ये जाऊन बसली. एवढ्या माणसांपुढं नाही कसं म्हणायचं? भाऊ रडत असताना, नायक मानपानाचं बोलत असताना कोणती बाई म्हणेल की मला यायचं नाही? हे कुणाच्याही ध्यानात यायला हवं होतं. सोजराबाईच्या तर नक्कीच. पण हार गळ्यात असला की माणसाला खालचं दिसत नाही.

ज्योती आली तेव्हा सोजराबाईनं मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. ज्योतीनं एकच विचारलं, "जायचं का, असं मिरामावशीला विचारलं होतं का कुणी?"

"भावाच्या घरी जायाला इचारायचं काय?"

"चार वर्षं ती ते घर टाळून राहिली, माय. काहीतरी असेल ना."

"तू मला शिकवू नको, पोरी. तुझ्या जन्माआधीपासनं मी माणसं घरी पोचवून राहिले."

सोजराबाई त्या दिवशी रागानं जेवली नाही. पण रागात रुतून बसलेला तो सवाल काही निघेना. आणि रात्री शेजारची खाट रिकामी.

थंडी पडली. तुरीला शेंगा धरल्या, पहाटे अंगणात शेकोट्या पेटायला लागल्या. एका दुपारी वसराम चहा प्यायला आला तो खाली मान घालून. "माय, एक सांगू का? मिराबाई तांड्यावर न्हाई. पंधरवड्यातच निघून गेली. मी काल औंढ्याला भाडं घेऊन गेलतो, तर देवळाच्या भायेर मागणाऱ्यांच्या रांगेत बसलेली दिसली. मी हाक मारली तर तोंड फिरवलं. छाती लई वाजून राहिली तिची."

"मंग आणलं काहून न्हाई?"

"मी इचारलं, निवाऱ्यात सोडू का. तर म्हणे, तिथं न्हाई जायाचं. तिथं माणसाला पकडून देतेत."

सोजराबाईला आयुष्यात खूप शिव्या बसल्या होत्या. दुकानदारांनी दिल्या, सरपंचांनी दिल्या, एका दारूवाल्यानं तर चाकू दाखवला. त्यातलं काही तिला लागलं नाही. हे लागलं. बाहेर उघड्यावर दम्याचं माणूस थंडीत बसलंय आणि छताखाली यायला भितंय, ते आपल्यामुळं. ती उठली, ज्योतीला म्हणाली, "मी औंढ्याला जाऊन येते."

ज्योतीनं 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. पोरगी शहाणी आहे. तिनं फक्त पंपाचं औषध आणि एक शाल पिशवीत घालून दिली.

देवळाबाहेर फुलवाल्यांच्या पुढं रांग बसलेली. मिराबाई शेवटाला, पोत्यावर. सोजराबाई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि सवयीनं रागावली. "हे काय मांडलं गं? मर म्हणलं का कोणी? ऊठ, चल."

मिराबाईनं वर पाहिलं. "कोण तुमी?"

"आता सोंगं करू नको."

"सरका बाई, ऊन आडतंय."

सोजराबाई सरकली. बराच वेळ तशीच उभी राहिली. यात्रेकरू येत होते, चपला काढत होते. पूर्वी इथंच, याच भिंतीपाशी तिचा मांडव असायचा आणि माणसं तिला शोधत यायची. शेवटी गुडघे बोलायला लागले तशी ती मिराबाईच्या शेजारी, पोत्याच्या कडेला टेकली.  

तेवढ्यात एक कुटुंब पुरीभाजीचे द्रोण वाटत आलं. त्यातल्या तरण्या माणसानं एक द्रोण मिराबाईला दिला आणि दुसरा सरळ सोजराबाईच्या हातात ठेवला. "घे आजी, प्रसाद हाय."

सोजराबाईचा चेहरा मिरची लागल्यासारखा झाला. कुणापुढं हात पसरायचा नाही हे तिनं जन्मभर बायांना शिकवलं होतं. "आजी कोण रे तुझी? कोण्या गावचा..." एवढं म्हणून तिचं तोंड तिथंच थांबलं.

माणूस घाबरून पुढं गेला. शेजारून घरघर ऐकू आली. सोजराबाईला वाटलं दमा उठला. बघते तर मिराबाई हसत होती. हसता हसता खोकली, खोकता खोकता पुन्हा हसली, शेवटी पंप तोंडाला लावून द्यावा लागला.

"खा आता," मिराबाई श्वास आल्यावर म्हणाली. "भीक हाय, पण पुरी फुगलेली हाय. तुझ्याच्यानं झाली असती का?"

दोघींनी पुऱ्या खाल्ल्या. मग मिराबाई आपणहून बोलली, रांगेतल्या दुसऱ्यांना ऐकू जाणार नाही अशी.

"पुना भाऊ वाईट न्हाई. वहिनीनंबी कधी उपाशी ठेवलं न्हाई. मालक गेला, लेकरू न्हाई, तवा भावाकडं आले. भायेरून येताना घरातलं हसू ऐकू यायचं. मी उंबऱ्यात पाय ठेवला की थांबायचं. रोज. कोणी काही बोलायचं न्हाई, नुसतं थांबायचं. मग माझ्यानं आत जाववंना."

सोजराबाईनं आपला रिकामा द्रोण खाली ठेवला.

"हे मी नायकाला काय सांगू? पंचाला काय सांगू? मारलं असतं तर सांगता आलं असतं." मिराबाईनं द्रोण चुरगळला. "आणि तू गं? भीमराजचं घर निवाऱ्याहून हाकेवर हाय. तू ड्युटी, ड्युटी करत रोज माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचीस. ज्योतीच्या तक्त्यात तुझी ड्युटी एक दिवसाआड असायची. मी कधी इचारलं का, काहून म्हून?"

सोजराबाईला सांगता आलं असतं की लेकरांचा अभ्यास असतो, खोल्या दोनच आहेत, सून चांगली आहे. सगळं खरं होतं. सून खरंच चांगली होती. सासू रात्री निवाऱ्यात असते म्हणून तिनं कधी आनंद दाखवला नव्हता, आणि कधी राहा असंही म्हटलं नव्हतं.

"न्हाई इचारलंस," सोजराबाई म्हणाली.

"मंग."

ऊन कललं. फुलवाल्यानं टोपलीवर ओलं फडकं टाकलं. सोजराबाईनं पिशवीतली शाल काढली आणि मिराबाईच्या अंगावर न टाकता दोघींच्या मधे ठेवली. "तुला यायचं का?" हा सवाल तिच्या तोंडाला इतका नवा होता की तो जरा वाकडाच बाहेर पडला. "न्हाई तर न्हाई. औषध ठेवून जाते. परवा अजून आणते."

मिराबाईनं शाल ओढून घेतली. "पुना पुन्हा आला तर?"

"तू सांग काय करू."

"हाय म्हणून सांग. खोटं बोलू नको, तुला जमत न्हाई. पण जीप अंगणात आणायची न्हाई, अन् नायक न्हाई आणायचा. एकट्यानं यावं. भेटायचं का न्हाई ते मी ठरवीन."

"बराबर."

"अन् हार घालून घेशील तर त्याच हारानं बांधीन तुला."

शेवटच्या एस्टीनं दोघी हिंगोलीला आल्या. खिडकीपाशी कोण बसणार यावरून भांडत.

पुनमचंद आला तो संक्रांत होऊन गेल्यावर. वसरामनं त्याला नाक्यावरच उतरवलं होतं. एकटाच, डोक्यावरचा फेटा हातात घेऊन फाटकात उभा राहिला. सोजराबाई अंगणात गोधड्या वाळत घालत होती.  पूर्वी ती अशा माणसाचा हात धरून सरळ आत घेऊन गेली असती.

"हाय का ती इथं?" त्यानं विचारलं.

"हाय. बस लिंबाखाली. भेटती का ते इचारून येते."

मिराबाई चुलीपाशी होती. ऐकून तिनं तव्यावरची भाकर उलटली, निखाऱ्यावर टाकली, ती फुगू दिली. "चहा दे त्याला. अन् म्हणावं, माझे हात रिकामे न्हाईत."

सोजराबाई चहा घेऊन गेली. पुनमचंदनं कप दोन्ही हातांत धरला. "रागात हाय का?"

"ते मला काय माहीत? तिलाच इचारते." आणि ती पुन्हा आत गेली. "रागात हायेस का म्हणतोय."

"म्हणावं, हाय. अन् म्हशीचं काय झालं ते इचार."

पुन्हा अंगण. "म्हशीचं काय झालं?"

"रेडी झाली. बहिणीवानीच हाय, मारकी." पुनमचंद पहिल्यांदा जरासा हसला.

सोजराबाईनं ते जसंच्या तसं आत पोचवलं, मारकीसकट. ज्योती टेबलामागून हे येणं-जाणं बघत होती. म्हणाली, "माय, गुडघे दुखतील. त्यालाच खिडकीपाशी बसवू का?"

"तू गप बैस. तिनं सांगितलं तसं चालू हाय."

मिराबाई तव्यावर पाण्याचा हात फिरवत बसली होती. चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं. धूर झाला, डोळे पुसले. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, आज जा. माझ्यानं तुला बघवणार न्हाई आज. पुढच्या खेपेला वहिनीला घेऊन ये. भांडण तिच्याशी हाय, तुझ्याशी न्हाई. अन् ती आली तर मी भायेर येईन."

"एवढं सगळं? मी काय टपाल हाय का?"

"ध्यानात ऱ्हाईना का? म्हातारी झालीस."

"राहतंय," म्हणत सोजराबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि 'आज जा, वहिनीला आण, भांडण तिच्याशी, भायेर येईन' असं ओठातल्या ओठात घोकत, एक अक्षर इकडचं तिकडं होऊ नये म्हणून हळूहळू पावलं टाकत, लिंबाकडं निघाली.